सातावरून आठावर

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर जी आयुधे मांडली जातात, त्यांत रणांगणावर नेता येईल असे एकही नसते. विळी, अडकित्ता, नारळ सोलावयाचा कोयता, मी नोकरीच्या आरंभी घेतलेले आणि आता शाई न धरणारे फाउंटन पेन, शेजारच्या गृहस्थांनी नेऊन चार वर्षांनी परत केलेला पाना, अशी ती निःशस्त्रांची शस्त्रपूजा असते. आणि तरीही झेंडूचे फूल वाहताना हात क्षणभर गंभीर होतो, हे कबूल केले पाहिजे. गेल्या नवमीला त्या ओळीच्या शेवटी माझ्या एकोणीस वर्षांच्या भाच्याने आपल्या संगणकाचा माऊस आणून ठेवला. त्याच्या आईने डोळे वटारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "अगं, माझी तलवार यातच आहे," आणि त्या युक्तिवादाला आमच्यापैकी कोणापाशीही उत्तर नव्हते.

रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने मला खोलीत बोलावून नेले. पडद्यावर एका मध्ययुगीन भासणाऱ्या नगरातील भट्टी होती, भट्टीपाशी एक लोहार उभा होता, आणि भाच्याच्या हुकमतीखालील एक चिमुकला, मोठ्या डोक्याचा वीर त्याच्यासमोर तिष्ठत होता.

"मामा, तू दाब," तो म्हणाला. "तलवार सातावर आहे, आठावर न्यायचीय. तीन दिवस झाले, मी इथेच उभा आहे."

"आणि नाही गेली तर?"

"तर फुटेल."

"म्हणजे सहावर उतरेल?"

"नाही रे! फुटेल म्हणजे संपेल. तलवार गेली, तिच्यात बसवलेली कार्डं गेली, सगळं गेलं."

ज्याची उभी हयात सरकारी दप्तरात फेरफाराच्या नोंदी तपासण्यात गेली, आणि दुसऱ्याच्या मिळकतीला त्याच्या लेखी संमतीवाचून हात लावू नये हा जो नोकरीतला पहिला धडा म्हणून शिकला, अशा माणसाला हे असले मुखत्यारपत्र पेलणारे नव्हते. मी बटण दाबले नाही. परंतु त्या मुलाच्या चेहऱ्यावरचे भय खरे होते. वस्तू खोटी, लोहार खोटा, भट्टीतला जाळ खोटा, आणि एवढ्या सर्व असत्यांच्या बेरजेतून निघालेले भय मात्र अस्सल, या चमत्काराने मला वर्षभर पछाडले. या वर्षात मी भाच्याच्या शेजारी बसून जितके खेळ पाहिले तितके नाटकाचे प्रयोगही आयुष्यात पाहिले नसतील, आणि त्या सर्वांत माझे लक्ष युद्धापेक्षा भट्टीकडेच अधिक लागून राहिले.

आमच्या लहानपणी दसऱ्याच्या आधी आठ दिवस गल्लीत शिकलगार येत असे. पायाने फिरवावयाचे चाक, त्यावर टेकवलेले पाते, आणि त्यातून उडणारी ठिणग्यांची पिचकारी पाहण्यासाठी आम्ही मुले शाळेला दांडी मारीत असू. त्या शिकलगाराची एक लकब मला आजही आठवते. पाते हातात घेऊन तो ते डोळ्यांच्या रेषेत धरी, अंगठ्याने अंदाज घेई, आणि पुष्कळदा ते तसेच परत देऊन सांगे की आणखी घासले तर धार येण्याऐवजी पातेच जाईल. गिऱ्हाईक परत धाडणारा कारागीर म्हणून त्याचा मोठा लौकिक होता. हत्याराला पाणी देणे, धार लावणे, शिकल करणे, अशी सगळी शब्दसंपत्ती घरात असताना आमची मुले ‘अपग्रेड’ म्हणतात याची खंत मी भाच्यापाशी एकदा बोलून दाखवली. तो म्हणाला, "मामा, पाणी दिलेली तलवार किती नंबरची झाली ते कळत नाही ना!" आणि विचार करता मला आढळले की साऱ्या प्रकरणाची मेख त्या एका वाक्यात आहे. या खेळांनी शस्त्राच्या गुणाला अंक दिला.

तो अंक कोणी दिला, याचा पत्ता लागतो. १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा नावाच्या लहानशा गावी, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, आणि पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या एक हजार प्रती, असा तो सारा संसार होता. वीस पैलूंचा फासा टाकावयाचा, आणि ठरलेली संख्या आली तर प्रहार लागला असे समजावयाचे. या खेळात ‘अधिक एक’ अशी उपाधी असलेली मंतरलेली तलवार येते, आणि तिची सारी मंत्रशक्ती एवढीच, की तुमच्या फाशावर पडलेल्या संख्येत ती एकाची भर घालते. विसांत एक म्हणजे शेकडा पाच. पुराणांतली दिव्यास्त्रे ज्या तेजाने वर्णिलेली असतात ते तेज इथे शेकडा पाचाच्या हिशेबात उतरले; काव्याच्या दृष्टीने ही अवनती म्हणावी लागेल, पण जमाखर्चाच्या दृष्टीने तिच्याइतकी मोठी क्रांती नाही. एकदा ‘अधिक एक’ म्हटले की ‘अधिक दोन’ची वासना माणसाला आपोआप होते.

संगणकावर ही वासना लवकरच आली. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी १९८० च्या सुमारास ‘रोग’ नावाचा खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती. टंकलेखनाच्या अक्षरांनीच भिंती, राक्षस आणि नायक काढलेले होते. भुयारात सापडणाऱ्या मंत्रपटांपैकी एखादा वाचला की हातातील शस्त्र एका अंकाने वाढे. ‘रोग’चा वंश पुढे फोफावला, आणि त्यातील १९८७ साली अवतरलेल्या ‘नेटहॅक’ या खेळात रचनाकारांनी एक खट्याळ कलम घातले. शस्त्र पाचाच्या पलीकडे गेले असेल आणि लोभाने तुम्ही आणखी एक मंत्रपट वाचलात, तर तिनांत दोन वेळा ते शस्त्र वाफ होऊन नाहीसे व्हावे. चिलखताची हद्द त्याहूनही अलीकडची, साधारणतः तिनाची. माझ्या गल्लीतला शिकलगार जे तोंडाने सांगे ते इथे नियमाने सांगितले होते. हा खेळ फुकट वाटला जात असे, तुमची तलवार वाफ झाल्याने त्याच्या कर्त्यांना एक पैचाही लाभ नव्हता, आणि म्हणून त्या क्रूरपणात विनोदाखेरीज दुसरा हेतू शोधूनही सापडत नाही.

हे कलम पुढे ज्या वाटेने गेले ती वाट मात्र विनोदाची नाही. १९९८ साली दक्षिण कोरियात, चलनसंकटाने होरपळलेल्या त्या देशात गल्लोगल्ली ‘पीसी बँग’ नावाची संगणकगृहे उघडत असताना, एनसीसॉफ्ट या कंपनीने ‘लिनिएज’ हा हजारो माणसांनी एकाच वेळी एकाच जगात खेळावयाचा खेळ सुरू केला. त्याचा रचनाकार सॉन्ग जे-ग्याँग. ‘नेटहॅक’मध्ये ओळख न पटलेल्या मंत्रपटांवर काही निरर्थक अक्षरे लिहिलेली असत, त्यांतलीच ‘झेल्गो मेर’ आणि ‘डेयन फूएल्स’ ही दोन नावे उचलून ‘लिनिएज’मध्ये चिलखत आणि शस्त्र वाढवण्याच्या मंत्रपटांना दिली गेली, आणि कोरियन खेळाडूंच्या तोंडी त्यांची ‘जेल’ आणि ‘देइ’ अशी घरगुती रूपे झाली. त्या थट्टेचा अपभ्रंश सोलच्या बाजारात चलनी नाण्यासारखा फिरू लागला. शस्त्र सहापर्यंत आणि चिलखत चारपर्यंत निर्धोक. त्यापुढे प्रत्येक मंत्रपटागणिक वस्तूच पणाला लागे. सहाव्या अंकापर्यंत साऱ्यांची तलवार सारखीच, आणि म्हणून प्रतिष्ठा होती ती सातव्या, आठव्या, नवव्या अंकाची. निर्धोक हद्दीच्या पलीकडे उभ्या असलेल्या तलवारीच्या किंमतीत तिच्याआधी फुटून गेलेल्या सगळ्या तलवारींची किंमत मिळवलेली असते. हे ज्याच्या ध्यानात आले त्याला भाच्याच्या चेहऱ्यावरच्या भयाचा उलगडा होईल.

भाचा खेळत होता तो ‘रॅग्नरॉक’ही कोरियनच. ग्रॅव्हिटी या कंपनीने २००२ साली तो आणला. त्याच्या जुन्या नियमांप्रमाणे शस्त्रांच्या चार प्रती असतात. पहिल्या प्रतीचे शस्त्र सातपर्यंत निर्धोक, दुसरीचे सहापर्यंत, तिसरीचे पाचपर्यंत आणि चौथीचे अवघे चारपर्यंत, म्हणजे वस्तू जितकी उमदी तितकी तिची हमी तोकडी. भाच्याची तलवार चौथ्या प्रतीची असून सातावर पोचलेली होती. तीन वेळा ती मरणाच्या दारातून परतली होती. पाच कच्चे खडे देऊन ‘ओरिडेकॉन’ नावाचा एक शुद्ध खडा मिळवावयाचा, आणि प्रत्येक प्रयत्नाला असा एक खडा व वर लोहाराची मजुरी मोजावयाची. प्रॉन्टेरा नगरीतील त्या लोहाराचे नाव होलग्रेहेन. जगभरच्या खेळाडूंच्या शिव्याशापांचा इतका धनी झालेला दुसरा कारागीर वाङ्मयात नसेल. बिचारा वस्तुतः एका फाशाचा मुखवटा आहे. पण फाशाला शिव्या देता येत नाहीत, लोहाराला देता येतात.

लोहारांविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह मला आवरत नाही.

१९९६ च्या अखेरीस आलेल्या ‘डायब्लो’त ट्रिस्ट्रम नावाचे एक उजाड गाव आहे. तेथील ग्रिस्वोल्ड हा लोहार शस्त्र दुरुस्त करी, डेकार्ड केन हा म्हातारा शंभर मोहरा घेऊन अज्ञात वस्तूचे गुण सांगे, आणि गावाबाहेर एक चेटकीण औषधिद्रव्ये विकी. भुयारातून रक्तबंबाळ होऊन वर आलेल्या माणसाला या तीन दारांशी जाण्यात माहेराला आल्याचे सुख वाटत असे. त्याच्या २००० सालच्या दुसऱ्या भागात लोहाराला बाजूला सारून एक पेटी आली, ‘होराड्रिक क्यूब’ नावाची. तीत एकाच जातीची तीन रत्ने टाकावी आणि एक वरच्या प्रतीचे रत्न काढून घ्यावे. पायऱ्या चार, म्हणजे सर्वोत्तम प्रतीच्या एका रत्नापोटी तळच्या प्रतीची एक्याऐंशी रत्ने खर्ची पडत. ज्याने पहिली सत्तावीस जमवली त्याला वाटते अर्धे काम झाले, आणि तिसरा हिस्साच झाला आहे हे हिशेबानंतर उमगते. त्याच पेटीत तीन तांबड्या आणि तीन निळ्या कुप्यांबरोबर एक हलके रत्न टाकले तर देह व मंत्रबळ दोन्ही सावरणारी जांभळी कुपी निघे. फेरफाराच्या नोंदवहीत असा चोख विनिमय मी क्वचितच पाहिला.

‘स्कायरिम’ या २०११ सालच्या अमेरिकन खेळात मात्र माझा शिकलगार मला सदेह भेटला. रिव्हरवुड नावाच्या खेड्यात आल्व्हर हा लोहार नवख्या नायकाला आधी लोखंडाची साधी सुरी घडवावयास लावतो आणि मग ती घेऊन पायचाकाशी पाठवतो. नायक बसतो, चाक फिरते, ठिणग्या उडतात. हे दृश्य पाहून मी भाच्याला ते पुन्हा दाखवावयास सांगितले. या खेळात शस्त्र फुटण्याचे भय नाही. जितका हात बसेल तितकी धार येते. परंतु आरंभी प्रत्येक घडवलेल्या वस्तूचा अनुभव सारखाच धरला जात असल्याने जगभरच्या खेळाडूंनी सर्वांत स्वस्त अशा त्या लोखंडी सुऱ्याच शेकड्यांनी पाडल्या आणि सुऱ्यांचा डोंगर रचून ते लोहारकीचे महामहोपाध्याय झाले. पुढे निर्मात्यांना नियम बदलून वस्तूच्या किंमतीप्रमाणे अनुभव मोजावा लागला. सरकारी योजनेतील लक्ष्यपूर्तीचे आकडे ज्यांनी तपासले आहेत त्यांना या सुऱ्यांचा परिचय निराळ्या नावांनी असेलच.

पोलंडमधील ‘सीडी प्रोजेक्ट रेड’ने आंद्रेय सापकोव्स्की यांच्या कथांवरून रचलेल्या ‘विचर’ मालेतील तिसऱ्या खेळात, २०१५ साली, योआना नावाची एक स्त्री आहे. दुकानावर फर्गस या ठेंगू कारागिराचे नाव, कारण चिलखत म्हणजे ठेंगूंचीच विद्या असा लोकांचा पक्का समज. आणि आत ऐरणीशी घाम गाळणारी मात्र ही. नायक तिला अंडव्हिक बेटावरून तिच्या कुळाची अवजारे आणून देतो, दोघांची चिलखते बाणाच्या कसोटीला लागतात, फर्गसचे टिकत नाही, तिचे टिकते, आणि मग कुठे ते बिंग फुटते. ही उपकथा मला मूळ कथेहून सरस वाटली. उत्तम चिलखत मिळवण्यासाठी इथे खडे वेचून भागत नाही. ते खरोखर कोण घडवते याची चौकशी करावी लागते.

आणि ह्यूग. हिदेताका मियाझाकी यांच्या ‘एल्डन रिंग’ या २०२२ सालच्या जपानी खेळात हा वृद्ध, बेड्यांनी जखडलेला लोहार एका सभागृहाच्या कोपऱ्यात बसलेला असतो. राणी मारिकेने त्याला फर्मावले आहे की देवाचा वध करू शकेल असे शस्त्र घडव. त्या फर्मानापायी तो तेथे बंदी आहे. साधे शस्त्र पंचवीस पायऱ्या चढते. पहिल्या चोवीस पायऱ्यांना आठ प्रतींचे शहाण्णव खडे, दर प्रतीचे दोन, चार आणि सहा या क्रमाने, आणि शेवटच्या पायरीला पुराण ड्रॅगनाच्या कातळाचा एकच खडा. हे शस्त्र कधी फुटत नाही. पण खेळ जसजसा अखेरीला येतो तसतशी म्हाताऱ्याची स्मृती झिजत जाते. समोर उभा असलेला माणूस कोण हे त्याला आठवत नाही, आपण कोण हेही नाही, आणि तरी हातोडा चालूच राहतो. तलवारीला अंक चढत असता लोहाराचे एकेक वर्ष उतरत होते, हे ध्यानात येते तेव्हा मागे फिरण्याची सोय उरलेली नसते. होलग्रेहेनच्या भट्टीत खेळाडूला किंमत मोजावी लागते, ह्यूगच्या ऐरणीवर ती दुसराच कोणी मोजतो. आणि मला दुसऱ्या प्रकारचे भय अधिक काळ पुरले.

कोणी विचारील की तलवार वाढली, चिलखत वाढले, पण शत्रूही वाढत असेल तर पदरात काय पडले? हा आक्षेप खोटा नाही. ‘स्कायरिम’च्या आधीच्या, २००६ सालच्या ‘ऑब्लिव्हियन’ खेळात नायकाच्या बळाबरोबर वाटमाऱ्यांचे बळही वाढण्याची व्यवस्था होती, आणि तिचा परिणाम असा झाला की पुढे पुढे रस्त्यावरचा सामान्य लुटारूसुद्धा काचमण्याचे बहुमोल चिलखत घालून उभा राही आणि नायकाजवळ शंभर मोहरांची खंडणी मागे. अंगावरचे चिलखत विकले असते तर ज्याला जन्मभर बसून खाता आले असते, असा तो दरिद्री! खेळाडू त्यावर हसले, मग चिडले. महागाईभत्ता वाढला की भाजीही वाढते हा अनुभव विसरण्यासाठी जो माणूस खेळाकडे येतो, त्याला तेथेही तोच मिळावा यासारखी दुसरी फसवणूक नाही.

औषधींची कथा निराळी आहे. ‘रोग’मध्ये भुयारात कुप्या सापडत त्या नुसत्या रंगांच्या, निळी कोणत्या गुणाची आणि पिवळी कोणत्या, हे प्रत्येक डावात नव्याने बदललेले. पिऊन पाहिल्याखेरीज ज्ञान नाही, आणि पिऊन पाहिल्यावर कदाचित ज्ञाताही नाही. ‘स्कायरिम’ने हीच प्रथा सौम्य करून ठेवली: वनस्पती चाखली की तिचा पहिला गुण कळतो, बाकीचे तीन मिश्रणांतून शोधावयाचे. गहू आणि डोंगरी निळे फूल एकत्र खलले की जखमा भरणारे औषध होते, एवढे वैद्यक मलाही आता येते. औषध ‘वाढवण्या’ची कल्पना मात्र आपल्याकडे या साऱ्यांहून जुनी असून अद्याप दुकानात विकत मिळते. अभ्रकाला वनस्पतींच्या रसाची भावना द्यावी, खलात घोटावे, शरावसंपुटात बंद करून गोवऱ्यांच्या खड्ड्यात भाजावे, म्हणजे एक पुट झाले. असे शंभर वेळा केले तर शतपुटी भस्म, हजार वेळा केले तर सहस्रपुटी. त्याच्या गुणावगुणाचा निवाडा वैद्यांनी आणि प्रयोगशाळांनी करावा. माझे म्हणणे इतकेच की बाटलीवर अंक लिहून त्या अंकाच्या प्रमाणात दाम मागण्याची रीत लेक जिनीव्हाहून आपल्याकडे आलेली नाही.

पण कुपी हाती आली म्हणजे ती वापरली जाते असे मुळीच नाही. ‘फायनल फँटसी’ मालेत ‘एलिक्झिर’ नावाचे सर्वरोगहर रसायन असते, आणि ते इतके दुर्मीळ, की आणखी बिकट प्रसंगासाठी राखून ठेवता ठेवता खेळ संपतो आणि झोळीत एलिक्झिरांचा साठा तसाच उरतो. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की खेळाडूंत तो थट्टेचा विषय झालेला आहे. मला यात कर्ण दिसतो. इंद्राने कवचकुंडले नेली आणि मोबदल्यात एकदाच सोडता येईल अशी वासवी शक्ती दिली. ती त्याने अर्जुनासाठी जपून ठेवली, आणि चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचाने कौरवसेनेची धूळधाण मांडल्यावर तिथेच खर्चावी लागली. निदान कर्णाने ती खर्चली तरी! भाच्याच्या झोळीत अशा नऊ शक्ती पडून आहेत. हा कृपणपणा ओळखून ‘विचर’च्या तिसऱ्या भागात युक्ती योजली गेली. ‘स्वॉलो’ हे औषध एकदा ठेंगूंचे मद्य, पाच सेलॅंडाइनची फुले आणि बुडव्या पिशाच्चाचा मेंदू यांपासून सिद्ध केले की पुढे कायमचे तुमचे. ध्यानस्थ बसलात आणि जवळ कडक मद्य असले की रिकामी कुपी आपोआप भरते. ‘डार्क सोल्स’ या २०११ सालच्या खेळातही शेकोटीशी विसावले की ‘एस्टस’ची सुरई पुन्हा भरते. अक्षय भात्याची कल्पना व्यासांनी अर्जुनाला जी देऊन ठेवली तीच ही. आणि भाता अक्षय झाला तेव्हाच बाण मोकळेपणी सुटू लागले.

येथवर जे सांगितले त्यात सौदा खेळ आणि खेळाडू यांच्यात होता. पैसा मध्ये आला तेव्हाची कैफियत वेगळी आहे.

‘मेपलस्टोरी’ हा नेक्सॉन कंपनीचा २००३ सालचा कोरियन खेळ; चित्रे बालवाडीच्या भिंतीवर शोभावीत अशी गोजिरी. शस्त्रांना सामान्यतः सात वेळा वाढवण्याची मुभा असे, आणि त्यासाठीचे मंत्रपट शेकडा शंभर, साठ आणि दहा अशा यशाच्या प्रमाणात मिळत. प्रमाण जितके कमी तितका लाभ मोठा. दहाचे सात मंत्रपट घेतले तर सातही फुकट जाण्याचा संभव जवळजवळ शेकडा अठ्ठेचाळीस, आणि सातही लागण्याचा संभव एक कोटीत एक. तरीही हे आकडे वस्तूवर छापलेले होते, आणि छापलेल्या आकड्यावर जो फसला त्याने फिर्याद कोणाकडे न्यावी? पुढे २०१० मध्ये या खेळात ‘क्यूब’ नावाची पैसे देऊन घ्यावयाची चौकट आली. ती फिरवली की शस्त्राचे सुप्त गुण नव्याने ठरत. दक्षिण कोरियाच्या न्याय्य व्यापार आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये निष्कर्ष काढला, की लोकांना हवेसे गुण येण्याचा संभव कंपनीने न सांगता घटवला होता, काही जोड्या तर येणेच अशक्य करून ठेवले होते, आणि बाहेर मात्र काही बदल नसल्याचे कळवले होते. दंड सुमारे १,१६० कोटी वोन. जी जोडी येऊच शकत नव्हती तिच्यासाठी माणसे वर्षानुवर्षे चौकट फिरवीत होती.

जुगाराला मी सोवळेपणाने नाक मुरडणारा नव्हे. मुंबईत मटक्याचे आकडे ज्या काळात चहाच्या टपरीवर उघड बोलले जात त्या काळात मी तरुण होतो. पण मडक्यात सगळी पाने असतात एवढा विश्वास मटका खेळणाराही धरून असतो. ‘नेटहॅक’ने तलवार वाफ केली तेव्हा त्यात कोणाचा गल्ला भरत नव्हता, ‘रॅग्नरॉक’च्या लोहाराची हद्द निदान साऱ्या नगरीला ठाऊक होती, इथे लोहार आपली हद्द लपवून हातोडा मारण्याचे पैसे घेत होता. यास खेळ म्हणण्याची माझी तयारी नाही, ही अफरातफर आहे. २०२४ च्या २२ मार्चपासून कोरियात असे संभव जाहीर करण्याची कायद्याने सक्ती झाली. अमेरिकेत ब्लिझर्डने ‘डायब्लो’च्या तिसऱ्या भागात खऱ्या पैशाने शस्त्रे विकत घेण्याचे लिलावघर २०१२ मध्ये उघडले होते, ते १८ मार्च २०१४ रोजी स्वतःच बंद केले, राक्षस मारून शस्त्र मिळवण्याची गोडीच त्याने नासवली हे कंपनीला कबूल करावे लागले.

आपल्याकडची गोष्ट सांगावयाची तर पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला. हरवलेल्या भावाला शोधणारी एक नटकन्या, दुर्गेने दिलेला त्रिशूळ, विष्णूचे धनुष्य, आणि प्रत्येक शस्त्राला वीज, अग्नी व हिम यांची जोड. शक्तीचे गोळे आज एका गुणावर लावावेत, उद्या काढून दुसऱ्यावर लावावेत. काही फुटत नाही, कोणी मजुरी मागत नाही. चित्रे मनोहर आहेत, आणि आपल्या पुराणातील आयुधे पडद्यावर परकी न दिसता वावरतात याचे समाधान मोठे आहे. पण एक तक्रार नोंदवून ठेवतो. देव देतात ते प्रसादासारखे. त्यात घासाघीस नाही, ठिणगी नाही. ज्या मुलखाच्या राज्यकारभारात अठरा कारखान्यांची गणना होई आणि शिलेखाना त्यांतला एक असे, तेथील खेळात एखादा शिकलगार असावयास हवा होता. पुढच्या वेळी त्यांनी त्याला जरूर बोलवावे, आणि त्याच्या तोंडी मी ऐकलेले ते एक वाक्य घालावे.

यंदाच्या खंडेनवमीला माऊस पुन्हा पाटावर आला, आणि या खेपेस भाच्याच्या आईने त्याला फूलही वाहिले. मी विचारले, तलवार कुठवर आली? भाचा म्हणाला, "सातावरच आहे. ती नाही हलवणार आता. पण मामा, मी दुसरी घेतलीय, चारावरची. ती फोडून बघतो."